सुवर्णाचा कागद

सुवर्णा आमच्या घरी आली ती एक पत्र्याची पेटी आणि काखेत कोकरू घेऊन. माझी आत्या, म्हणजे तिची आई, काविळीनं गेली त्याला महिना झाला होता. आत्याचं सासर बेल्ह्याचं. तिचे मालक मेंढरं राखायचे. दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरून कोकणात जायचे, ते पावसाळ्याच्या तोंडावर परत. बारा वर्षांच्या पोरीला रानोमाळ कुठं फिरवणार, म्हणून माझे वडील जाऊन तिला घेऊन आले. वडिलांना मी दादा म्हणायचे. सगळं गावच म्हणायचं. दादांनी ओसरीवर पेटी ठेवली आणि आईला म्हणाले, "हिला आधी खायला घाल." मग सुवर्णाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बाळा, ह्ये तुझंच घर हाय." मी दारात उभी होते. मीही बाराच वर्षांची होते. तोवर दादांच्या तोंडून 'बाळा' हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. तो त्यांना येतो हेच मला ठाऊक नव्हतं.

आमचं घर जुन्नरपासून जवळ. अंगणात उभं राहिलं की लेण्याद्रीच्या डोंगरातली लेण्यांची काळी तोंडं दिसायची. आजोबांच्या काळापर्यंत आमच्याकडंही मेंढरं होती. दादांनी ती काढून टाकली आणि शेती धरली. थोडा कांदा, थोडी बाजरी, विहिरीच्या कडेनं भाजीपाला. घरात आवाजांना तोटा नव्हता. सकाळी आईचं भाकऱ्या थापणं, वीज आली की मोटार चालू करायला धावणाऱ्या दादांच्या वहाणा, दुपारी शेळ्यांचं ओरडणं, संध्याकाळी शेजारच्यांचा रेडिओ. माणसांची बोलणी मात्र मोजकी. दादा घरात शिरण्याआधी दाराबाहेर एकदा खाकरायचे, तेवढ्यात त्यांचं 'आलो' सांगून व्हायचं. जेवताना 'बास' म्हणायचे. माझ्याशी बोलायचं असेल तर आईला सांगायचे, "तिला म्हणावं, शेळी बांध." मी तिथंच, हातभर अंतरावर बसलेली असायचे. मग आई मला म्हणायची, "मंगल, शेळी बांध." मला यात काही वावगं वाटत नव्हतं. बाप असाच असतो अशी माझी समजूत होती. ती समजूत सुवर्णानं मोडली.

कारण सुवर्णाशी दादा बोलायचे. ती शेताच्या बांधावरूनच "मामाऽ" अशी हाक मारत पळत यायची आणि दादा काम थांबवून उभे राहायचे. हुलग्याची शेंगोळी तिला फार आवडायची. दादा आपल्या ताटातली चार शेंगोळी उचलून तिच्या ताटात टाकायचे. ती हुंदके देऊन, घर दणाणेल अशी रडायची, आणि दादा तिच्याजवळ जाऊन बसायचे. काही बोलायचे नाहीत, पण बसायचे. एकदा तिच्या पायात बाभळीचा काटा मोडला. दादांनी तिचा पाय मांडीवर घेतला, सुईनं काटा काढला, वर रुईचा चीक लावला आणि फुंकर घातली. ती फुंकर मी पाहिली. आठ दिवसांनी मी जाणूनबुजून अनवाणी त्याच काट्यांवरून चालत गेले, आणि लंगडत लंगडत दादांसमोर अंगणात तीन चकरा मारल्या. दादांनी वर पाहिलं आणि घराकडं तोंड करून आईला हाक दिली, "तिच्या पायात काटा हाय, बघ जरा."

आईनं काटा काढला. त्या वेळी मी तिला विचारलं होतं, "दादा मला का न्हाई जवळ घेत?" आई सुई पदराला पुसत म्हणाली, "तुझ्यामागं दोन भाऊ झालं आन् दोन्ही गेलं. दोघांना बी लई नाचवायचं ह्ये खांद्यावर. मग तवापासून तुला हात लावत न्हाईत. भ्यात्यात." मला त्या दोन भावांचं काही आठवत नव्हतं. आई सांगत होती त्याचा अर्थ आज मला कळतो, तेव्हा नाही कळला. तेव्हा मी एवढंच समजले, की मेलेल्या पोरांचे लाड झाले होते, परक्या पोरीचे होतायत, मधल्या मध्ये मीच राहिले.

आम्ही दोघी आठवीत गेलो त्या वर्षी शाळेत पुण्याच्या कॉलेजातल्या एक बाई आल्या. अनघाताई. बाई कसल्या, बावीस-तेवीस वर्षांची मुलगीच ती. खांद्याला झोळी, डोळ्यांना गोल चष्मा. हेडमास्तरांच्या घरी त्या पंधरा दिवस राहिल्या. घरातली माणसं एकमेकांना राग कसा दाखवतात, माया कशी दाखवतात, हे त्यांना मोजायचं होतं. ते ऐकून मागच्या बाकावरची पोरं हसली. मी मात्र सरसावून बसले. हे मोजता येतं? मी दोन वर्षं मनातल्या मनात जे मोजत होते, त्यासाठी कुणी पुण्याहून कागद छापून आणले होते!

कागदावर एकाखाली एक वाक्यं होती आणि प्रत्येकापुढं पाच खण. कधीच नाही, क्वचित, कधी कधी, बऱ्याचदा, नेहमी. 'मी रडले तर घरातलं कुणीतरी माझ्याजवळ येतं.' 'वडील मला नावानं किंवा लाडानं हाक मारतात.' 'आजारी असताना घरातलं कुणीतरी माझ्या अंगावरून हात फिरवतं.' 'माझं कौतुक माझ्यासमोर केलं जातं.' वर आपलं नाव घालायचं आणि जे खरं वाटतं त्या खणात पेन्सिलीनं खूण करायची. "यात बरोबर-चूक काही नाही," अनघाताई म्हणाल्या, "आणि तुमचा कागद मी सोडून कुणी बघणार नाही." मी माझा कागद भरला. 'कधीच नाही', 'कधीच नाही', 'क्वचित', 'कधीच नाही'. खोटं एक अक्षर लिहिलं नाही. उलट ते लिहिताना मला एक विचित्र समाधान वाटत होतं, जसं मास्तरांपुढं कुणाची तक्रार सांगताना वाटतं.

मी वर्गाची मॉनिटर होते. तास संपल्यावर कागद गोळा करून ऑफिसात नेऊन द्यायचं काम माझ्याकडं आलं. पाण्याच्या टाकीमागं मी थांबले आणि गठ्ठ्यातून सुवर्णाचा कागद काढला. तिच्या खुणा सगळ्या उजवीकडं होत्या. 'नेहमी', 'नेहमी', 'बऱ्याचदा', 'नेहमी'. एकच घर, एकच ओसरी, एकाच तव्यावरची भाकरी, आणि दोन कागद असे! ते छापील खणांमध्ये बघितल्यावर आजवरचं सगळं पुन्हा नव्यानं घडल्यासारखं झालं. माझ्याकडं खोडरबर होतं. मी तिच्या सगळ्या खुणा पुसल्या, एकेक, नीट, कागद फाटणार नाही अशा बेतानं, आणि डावीकडच्या खणांत नव्या केल्या. 'कधीच नाही.' तिला काही व्हावं असं माझ्या मनात नव्हतं, असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. आता पन्नाशीला टेकल्यावर सांगते, होतं. निदान कागदावर तरी ती माझ्यासारखी व्हावी, हे होतं.

त्या रविवारी दुपारी अनघाताई आमच्या घरी आल्या. पाहुणी येणार म्हणून आईनं मासवडी केली होती; खोबऱ्या-तिळाचा खमंग वास अंगणापर्यंत गेला होता. सुवर्णा शेळ्या घेऊन ओढ्याकडं गेली होती. दादा ओसरीवर पाहुणीच्या समोर ताटावर संकोचून बसले होते. मी आतल्या दाराशी तांब्या घेऊन उभी होते. अनघाताईंनी थोडं इकडचं तिकडचं विचारलं, पाऊसपाणी, कांदा. मग म्हणाल्या, "दादा, एक विचारू का? राग मानू नका. सुवर्णाचं मन इथं रमत नाही का?"

"का वो?" दादा म्हणाले.

"तिला आई नाही, म्हणून मला काळजी वाटली. तिनं लिहिलंय की रडली तरी कुणी जवळ येत नाही. आजारी पडली तर कुणी हात फिरवत नाही. लाडानं कुणी हाक मारत नाही."

माझाही कागद तसाच होता, पण मला आई होती, त्याचं नाव त्यांनी काढलं नाही. त्यांनी हे सांगायला नको होतं. कागद कुणाला दाखवणार नाही म्हणाल्या होत्या. पण त्यांनाही तेव्हा कुठं काय अनुभव होता; चांगल्या मनानंच बोलल्या. दादांनी हातातला मासवडीचा तुकडा परत ताटात ठेवला. "असं लिवलंय तिनं?" त्यांनी विचारलं. अनघाताईंनी मान हलवली. दादा उठले. पाहुणीला रस्त्यापर्यंत पोचवून आले, हातपाय धुतले आणि पुन्हा तिथंच येऊन बसले. ताट तसंच होतं.

सुवर्णा शेळ्या घेऊन आली तसं त्यांनी तिला जवळ बोलावलं. "पोरी, तुला हितं काय कमी पडलं?"

"काय बी न्हाई, मामा. का?"

"मग त्या बाईच्या कागदावर तसं का लिवलंस? कुणी जवळ घेत न्हाई म्हून?"

सुवर्णानं त्यांच्याकडं पाहिलं. मग हळूच मान वळवून दाराकडं, माझ्याकडं पाहिलं. माझ्या तोंडावर काय होतं कोण जाणे. मी वाट बघत होते की ती आता ओरडेल, 'मी न्हाई लिवलं', आणि माझ्याकडं बोट करेल. तिनं तसं केलं नाही. ती खाली बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. एरवी घर डोक्यावर घेणारी पोर त्या दिवशी आवाज न करता रडली. दादा तिच्याजवळ गेले नाहीत. आपली माया हिला पोचलीच नाही, आता कुठल्या तोंडानं जवळ जायचं, असं त्यांना वाटलं असावं.

आठ दिवसांत त्यांनी तिला बेल्ह्याला नेऊन सोडलं. तिच्या वडिलांनी दुसरं लग्न केलं होतं, कळप विकून ते गावातच राहायला लागले होते. "बापाच्या घरात तरी पोरीचा जीव लागंल," दादा आईला म्हणाले. आई दोन-तीनदा म्हणाली, "अवो, पोरगी असं लिवंल व्हय? काय तरी घोटाळा हाय." मी चुलीपाशी बसून सगळं ऐकत होते. माझी जीभ उचलली नाही. खरं सांगायचं तर मला भीती कमी आणि आशा जास्त होती. ती गेली की तिची ओसरीवरची जागा, शेंगोळी, हाका, सगळं माझ्याकडं येईल असं मी धरून चालले होते.

काहीच आलं नाही. दादा जेवताना दोन ताटांमधल्या रिकाम्या जागेकडं बघायचे आणि भरभर उरकून उठायचे. आईमार्फत मला निरोप सांगायचे तेही कमी झाले. मी शाळेतून येताना बांधावरून "दादाऽ" अशी मोठ्यानं हाक मारून बघितली. त्यांनी दचकून वर पाहिलं, पाहताना त्यांचा चेहरा क्षणभर उजळला, आणि मला ओळखल्यावर पुन्हा होता तसा झाला. ते मी अजून विसरलेले नाही. ती आमच्या घरी असताना कधी वाटला नव्हता इतका त्या दिवशी मला सुवर्णाचा हेवा वाटला.

कांद्याची लागण चालली होती तेव्हा मी बोलले. दोन महिने झाले असतील. दादा दारं मोडून वाफ्यावाफ्यात पाणी सोडत होते, मी रोपांच्या जुड्या देत होते, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दादा, सुवर्णाच्या कागदावरच्या खुणा मी केल्या. तिच्या मी पुसल्या." दादांनी फावडं टाकलं. वाफा भरून पाणी दुसऱ्या वाफ्यात चाललं होतं, त्यांचं तिकडं लक्ष नव्हतं. आता मार बसणार म्हणून मी डोळे मिटले. बराच वेळ काही झालं नाही म्हणून उघडले, तर दादा बांधावर बसले होते.

"का गं?" त्यांनी विचारलं. मधे आई नाही, कुणी नाही. थेट मला.

"तुमी मला कधी बाळा म्हणला न्हाई," मी म्हणाले.

दादा उठले, पाणी बंद केलं, आणि घराच्या वाटेला लागत म्हणाले, "चल. सदरा घालून येतो." आम्ही तसेच निघालो. नारायणगावला एसटी बदलली. प्रवासभर ते खिडकीबाहेर बघत होते आणि मी त्यांच्या हाताकडं बघत होते. हाताला चिखल वाळला होता.

बेल्ह्यात सुवर्णा अंगणात भांडी घासत होती. कडेवर सहा महिन्यांचं पोर, सावत्र भाऊ. तिची शाळा सुटली होती. दादा तिच्यापुढं उभे राहिले आणि म्हणाले, "बाळा, चूक झाली माझी. मी तुझं खरंखोटं इचारलं न्हाई. घरी चल." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. पूर्ण गुन्हा स्वतःच्या अंगावर घेतला. सुवर्णानं परकराला हात पुसले, आणि पोराला या कडेवरून त्या कडेवर घेत म्हणाली, "न्हाई मामा. ह्यो माझ्याबिगर ऱ्हात न्हाई आता."

पाणी आणायच्या निमित्तानं ती मला आडाकडं घेऊन गेली. मी म्हणाले, "सुवर्णे, ते मी केलं व्हतं."

"ठाव हाय. त्याच दिवशी कळलं मला, तुझं तोंड बघून."

"मग बोलली का न्हाईस?"

ती दोर ओढत राहिली. "बोलले असते, आन् मामांनी तुझंच खरं धरलं असतं तर? तू त्यांची लेक. मला त्ये बघायचं न्हवतं."

ती आली नाही. परतीच्या एसटीत दादांनी टोपी काढून डोळे पुसले. मला लाज वाटायला हवी होती, आणि वाटतही होती. पण त्या लाजेखाली, चिखलातून पाणी झिरपावं तसं, ते जुनंच वर येत होतं. माझ्यासाठी हे कधी असे रडतील का?

पुढं मी शिकले, डी.एड. केलं, प्राथमिक शाळेत शिक्षिका झाले. सुवर्णाचं अठराव्या वर्षी लग्न झालं, आळेफाट्याच्या पलीकडं दिलं तिला. दादा त्यानंतर माझ्याशी थेट बोलायला लागले, हे सांगायला हवं. 'जेवलीस का', 'बस मिळाली का', असं अवघडून, पाठ केल्यासारखं. 'बाळा' म्हणाले नाहीत. मीही पुन्हा त्याचं नाव काढलं नाही. मागून मिळालेलं ते घशाखाली उतरलं नसतं. दादा गेले तेव्हा सुवर्णानं त्यांच्या पायांवर डोकं ठेवून जो टाहो फोडला, तो ऐकून जमलेल्या बायका म्हणाल्या, "लेक असावी तर अशी." मी कोरड्या डोळ्यांनी पाहुण्यांना पाणी देत होते.

गेल्या हिवाळ्यात तिच्या मुलीचं लग्न झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी मांडव उतरत होता आणि आम्ही दोघी आतल्या खोलीत आहेराची लुगडी-पातळं घड्या घालून लावत होतो. तिचे मुलगे येता-जाता तिच्या गळ्यात पडत होते, ती त्यांना ढकलत होती. मध्येच ती म्हणाली, "मामा असते तर लई नाचले असते. दर सोमवारी यायचे, एक बाजार चुकवला न्हाई. माझं लगीन होईस्तवर."

मी हातातली घडी तशीच धरून राहिले. दादा बैल बघायला बेल्ह्याच्या बाजाराला जातात, एवढंच आम्हाला माहीत होतं. एकही बैल त्यांनी आणला नाही, आई म्हणायची, "ह्यांचं बघता बघता बाजारातलं बैल म्हातारं झालं." म्हणजे तेही तिच्यासाठी! मला माझं वय आठवेना. काटा रुतलेल्या पायानं मी पुन्हा अंगणात चकरा मारायला लागले.

"कशाला यायचे?" मी विचारलं. आवाज माझा मलाच कडवट लागला.

सुवर्णा हसली. "बसायचे त्या आडापाशी आन् तुझंच सांगायचे. मंगलचा पैला नंबर आला. मंगलचं अक्षर मोत्यावानी हाय. मंगल माझ्यावानी न्हाई, धीट हाय, चूक केली तर तोंडावर कबूल करती. मंगल, मंगल, मंगल. मी भांडी घासत ऐकायची. तुला खरं सांगू? मला तुझा इतका राग यायचा ना, वाटायचं, ह्यांनी येऊच नये."

बाहेर कुणीतरी बांबू खाली टाकले. मी पातळ बाजूला ठेवलं. माझ्याबद्दलचे ते शब्द इतकी वर्षं तिच्यापाशी होते. बोलले गेले होते, मोठ्यानं, उघड्यावर, आणि ऐकायला तिथं ती होती. त्यांनी मला जन्मभर जे दिलं नाही ते त्यांच्याकडं होतं, हे कळून मला बरं वाटायला हवं होतं. पण मी तिच्या कानांकडं बघत होते.

"आणखी काय म्हणायचे?" मी विचारलं.

सुवर्णानं आठवायचा प्रयत्न केला. खरोखर केला, कपाळाला आठ्या घालून ती थोडा वेळ भिंतीकडं बघत राहिली.

"लई दिस झाले गं, मंगल," ती म्हणाली. "आता न्हाई आठवत."